बहात्तरच्या दुष्काळाची साखर

लठ्ठ माणसालाच शुगर होते, हा आमच्याकडचा पक्का समज आहे. पोट सुटलेला, दिवसभर गादीवर बसून धंदा करणारा, गोड चहा पिणारा माणूस असेल तर त्याची शुगर लोकांना पटते. वाळक्या अंगाच्या बाईची पटत नाही. माझं वजन ५२ किलो, उंची पाच फूट एक इंच. त्यामुळे माझा रिपोर्ट आला तेव्हा घरात कुणी तो मानायलाच तयार होईना.

उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीए१सी ६.१, असे आकडे होते. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असावी लागते आणि १२६ पासून पुढे मधुमेह धरतात. एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून त्या एका आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब येतो. तो ५.७ च्या आत असला तर ठीक, ६.५ झाला की मधुमेह. मी दोन्ही तपासण्यांत मधल्या पट्ट्यात होते. जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे शुगर नाहीच म्हणा की. डॉक्टर लोक उगी घाबरवतात."

त्यांचं म्हणणं मी समजू शकते. काही दुखत नव्हतं, तहान लागत नव्हती, रात्री उठावं लागत नव्हतं. आमच्याकडे दुखल्याशिवाय दवाखाना नाही आणि गोळी सुरू झाल्याशिवाय आजार नाही. पण जे काही हातात राहतं ते याच न दुखणाऱ्या काळात राहतं, असं मला आता ठामपणे वाटतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि या मधल्या पट्ट्यात १३.६ कोटी. पट्ट्यातली माणसं जास्त आहेत. त्यातल्या बहुतेकांना हे माहीतही नसेल, कारण कुणी रक्तच तपासलेलं नसतं.

डॉक्टरांनी वजनकाट्याकडे फारसं पाहिलं नाही. त्यांनी टेप काढून कंबर मोजली. ८४ सेंटिमीटर भरली. भारतीय बायकांसाठी ८० ही मर्यादा मानतात, पुरुषांसाठी ९०. हातपाय काटकुळे आणि चरबी सगळी पोटाशी. "तुमच्या अंगावर मांस कमी आहे," ते म्हणाले, "आणि जेवणानंतरची साखर ठेवायची मोठी जागा तीच असते." मग त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल सांगितलं. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. त्यांना आढळलं की इथली बाळं जन्मतःच सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण वजन एवढं कमी असूनही इथल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नसते. कमी असतं ते मांस. बारीक दिसणारा, पण आत चरबी बाळगणारा भारतीय देह पोटातच घडायला लागतो.

हे ऐकलं आणि मला माझी आई आठवली.

माझा जन्म १९७३ च्या उन्हाळ्यातला. दाखल्यावर गुरुजींनी सगळ्यांसारखी १ जून लावली, पण आईच्या हिशेबाने मी त्याच्या आधी दोन-तीन आठवड्यांची. आमचं गाव कळंब तालुक्यात, मांजरा नदीपासून थोडं आत. म्हणजे मी पोटात होते तेव्हा बहात्तरचा दुष्काळ ऐन भरात होता. राज्यभर लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती: पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती, खडी फोडणं. आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. रिपोर्टचं सांगायला गेले तेव्हा तिनं शुगरबद्दल काही विचारलंच नाही. म्हणाली, "तू पोटात व्हतीस तवा म्या तलावावर माती वाहिली बाई. रेशनावर मिलो मिळायचा, लाल ज्वारी, परदेशातली. त्याची भाकर थापली की चिरायची. कामावर सुकडी द्यायचे. म्या अर्धी खायची, अर्धी पदरात बांधून तुज्या भावाला आणायची."

पोटातल्या बाळाच्या वाट्याला त्या अर्ध्या सुकडीतलं जे आलं त्यावर मी वाढले.

या गोष्टीचा शास्त्रानं फार बारकाईनं माग काढलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये जर्मनांनी अन्नाची कोंडी केली होती. त्या महिन्यांत जी बाळं आईच्या पोटात होती ती पन्नाशीला आल्यावर त्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या शरीराला साखर हाताळणं इतरांपेक्षा जड जात होतं. १९९२ मध्ये इंग्लंडच्या हेल्स आणि बार्कर यांनी मांडलं की पोटात असताना अन्न कमी पडलं तर बाळाचं शरीर काटकसरीची सवय लावून घेतं. मेंदू वाचवतं, स्नायू आणि स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी देतं. पुढे तशीच टंचाई राहिली तर ही काटकसर उपयोगी पडते. पुढे सुबत्ता आली तर तीच अंगावर येते. दुष्काळ पाहिलेलं घर सुगीतही पेव उघडत नाही, धान्य साठवतच राहतं. तसं हे शरीर.

माझ्या ६.१ मध्ये त्या दुष्काळाचा वाटा किती, हे कुणी मोजून देऊ शकत नाही. वय आहे, बैठी नोकरी आहे, वडिलांकडून आलेलंही असेल. पण मराठवाड्यातली माझ्या वयाची माणसं आज पन्नाशी ओलांडतायत आणि त्यांच्यातल्या फार जणांच्या आयांनी त्या वर्षी खडी फोडली आहे, हे विसरून चालणार नाही. त्यांना शुगर निघाली की सगळे विचारतात, "गोड लई खात होतात का?" जणू त्यांनी चोरून पेढे खाल्ले. हा प्रश्न मला फार क्रूर वाटतो. ज्या माणसाच्या शरीरानं पहिला धडाच उपासमारीचा घेतला, त्याला हावरा ठरवणं अन्याय आहे.

कारण जुनं असलं तरी उपाय मात्र आजचेच करावे लागतात. आणि इथं आपल्याच देशातला एक अभ्यास मला सतत डोळ्यांसमोर ठेवावासा वाटतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी या मधल्या पट्ट्यातल्या ५३१ जणांना साधारण तीन वर्षं पाहिलं. २००६ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडून दिलं, त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या आहार-व्यायामाकडे नीट लक्ष दिलं त्यांच्यात ३९ जणांना. मेटफॉर्मिनची गोळी दिलेल्यांत ४० जणांना. आपल्याकडे हा पट्टा किती झपाट्यानं ओलांडला जातो, ते या ५५ वरून कळतं. जाऊबाईंना मी हाच आकडा सांगितला. आणि ३९ हा आकडाही मी लपवत नाही. सगळं नीट करूनही काहींना मधुमेह होतोच. त्यांचं काही चुकलं असा त्याचा अर्थ नाही.

मग स्वयंपाकघर. रिपोर्ट आल्यापासून मला जो भेटला त्यानं सांगितलं, "पोळी सोडा, ज्वारीची भाकरी खा. आपल्या आज्या भाकरी खाऊन ठणठणीत राहिल्या." २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून तर ज्वारीला औषधाचा मान मिळाला आहे. ज्वारी माझ्या जिवाभावाची आहे. मालदांडीची पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली भाकरी आणि अंबाडीची भाजी, यापुढे मला काही नको असतं. जालन्याच्या दगडी ज्वारीला आता भौगोलिक मानांकन मिळालं याचाही आनंद आहे. मैद्याच्या पावापेक्षा, पांढऱ्या भातापेक्षा ती बरीच. पण ज्वारीतही दोन तृतीयांशांच्या आसपास भाग पिष्टाचाच आहे, आणि पिष्टाची शेवटी साखरच होते. आजी भाकरी खाऊन ठणठणीत राहिली ते भाकरीच्या आधी आणि नंतर ती जे करत होती त्यामुळे. पहाटे जात्यावर दळण, मग विहिरीचं पाणी, मग शिदोरी बांधून दोन कोस शेत, दिवसभर खुरपणी, परत चालत घरी. त्या दोन भाकरी अंगात टिकत कुठं होत्या? तीच भाकरी खाऊन मी खुर्चीवर बसले तर माझं शरीर तिचं काय करणार?

म्हणून भाकरी मी सोडली नाही, ताटातली तिची जागा बदलली. आधी ताट भाकरीचं असायचं आणि बाकीचं तिला तोंडी लावायला. आमच्याकडचं वरण तर इतकं पातळ की वाटीचा तळ दिसावा. हे मला मराठवाड्याचं मोठं दुखणं वाटतं. लातूर तुरीच्या डाळीच्या गिरण्यांसाठी देशात ओळखलं जातं. बोरसुरीच्या तूरडाळीला मानांकन आहे. आमच्या शेतांतून सोयाबीन ट्रक भरभरून बाजार समितीत जातं, आणि त्यात तर जवळजवळ ४० टक्के प्रथिनं असतात. ते तेलगिरणीत जातं, पेंड कोंबड्यांना जाते. पिकवणाऱ्या घरात मात्र चमचाभर डाळ आणि भाकरीची चवड. सर्वसाधारण भारतीय जेवणात साठ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पिष्टातून येते. ती पन्नासच्या जवळ आणावी आणि प्रथिनं वाढवावीत, असं मधुमेहाचे भारतीय अभ्यासक सांगतात. माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच: घट्ट वरण, मटकी-मुगाची उसळ, दही, आठवड्यातून काही वेळा अंडी, आणि पालेभाजी मनसोक्त. भाकरी एक. आणि जेवताना सुरुवात भाजी-डाळीपासून, भाकरी मागून. त्यानं साखर सावकाश चढते.

हे सगळं एका पारंपरिक जेवणात आधीच जमून आलंय, ते म्हणजे येळवस. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडं सगळी घरं शेतात जातात. तुरीचे, हरभऱ्याचे, पावट्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकात आंबवलेलं ज्वारीचं आंबील. ताटात अर्ध्याहून जास्त शेंगा आणि पाला. आहारतज्ज्ञांनी तक्ता करून दिला तरी याहून वेगळं काय देतील? वर्षातून एकदा खातो ते महिन्यातून चारदा करायला काय हरकत आहे, हिवाळाभर दाणे मिळतातच.

उपवासाचं मात्र उलटं. साबुदाणा, बटाटा, भगर. ग्लुकोमीटर घेतल्यावर मी वेगवेगळ्या जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून पाहत गेले. पिठलं-भाकरी-मेथी झाली की मशीन १३० च्या आत दाखवायचं. एकादशीच्या साबुदाणा खिचडीनंतर १७८. पोट तेवढंच भरलेलं, पण आत घडतं ते वेगळंच. उपवास मी करते, पुढेही करणार. तुळजापूरची भवानी आमची कुलदैवत आहे, नवरात्राचे नऊ दिवस मोडणार नाही. पण आता त्यात शेंगदाणे, दही, काकडी, दुधी, थोडा राजगिरा असतो. देवीला साबुदाणाच लागतो असं कुठं आहे? तो तर फार अलीकडचा.

सगळ्यांत अवघड जातो चहा. आमच्याकडे चहा हा पाहुणचार आहे. दुपारी कुणाकडं गेलं आणि "च्या नको" म्हटलं की घरच्या बाईचा चेहरा उतरतो. तिच्या दृष्टीनं मी चहा नाही, तिचं घर नाकारलेलं असतं. त्यावर मला सापडलेला मार्ग साधा आहे: दारातच सांगायचं, "बिनसाखरेचा टाका हो माझ्यापुरता, मला बी प्यायचाय तुमच्या हातचा." पहिल्यांदा बायका गोंधळतात. मग एखादी हळूच म्हणते, "यांना बी सांगितलंय डॉक्टरांनी, पण ऐकत नाहीत." बोलणं सुरू होतं. त्यातून आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांनी रक्त तपासून घेतलं. महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी असते तेव्हा मी अर्धी खाते, कटाची आमटी वाटीभर पिते आणि जेवण झाल्यावर भांडी मीच घासायला घेते.

भांड्यांचं सांगते ते कारण आहे. जेवणानंतर स्नायू हलले की ते रक्तातली साखर उचलतात, आणि त्या वेळी त्यांना इन्शुलिनचीही, म्हणजे साखर आत घ्यायला सांगणाऱ्या स्वादुपिंडातल्या रसाचीही, फारशी गरज लागत नाही. म्हणून सकाळी एकदा फिरून आल्यापेक्षा जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं माझ्यासारखीला जास्त फळतं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, बेचाळीसच्या वर पारा जातो. तेव्हा मी दुपारचं चालणं घरातच, व्हरांड्यात, करते. रात्री जेवल्यावर गल्लीत. गावी मात्र बाईनं नुसतंच चालायचं म्हणजे लोकांना कोडं. "कुठं निघालात?" "कुठं नाही." "मग?" वहिनीनं यावर मारुतीच्या देवळाला रोज रात्री प्रदक्षिणा सुरू केल्या. आता तिच्याबरोबर आणखी चौघी-पाचजणी असतात. आणि मांस वाढवायचं तर नुसतं चालून भागत नाही. मी खुर्चीवरून हात न लावता उठते-बसते, पाण्याची कळशी दोन्ही हातांनी उचलते, भिंतीला हात टेकून ढकलते. जिममध्ये जाणं मला जमणारं नाही, पण हे जमतं.

सकाळची साखर मात्र बरेच दिवस हलेना. "रात्री काही गोड खाल्लं नाही, मग सकाळी साखर कुठून?" हा प्रश्न सगळ्यांना पडतो, मलाही पडला होता. झोपेत शरीराला साखर लागते म्हणून यकृत ती रक्तात सोडत असतं. इन्शुलिनचं ऐकणं यकृतानं कमी केलं की ते गरजेपेक्षा जास्त सोडत राहतं. पोटावरची आणि यकृतातली चरबी उतरली की ते पुन्हा ऐकू लागतं. कंबर दोन बोटं कमी झाल्यावर माझा सकाळचा आकडा १०० च्या घरात आला.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भेंडीचं पाणी, सगळं लोकांनी मायेनं आणून दिलं. कारल्याची भाजी मी आवडीनं खाते. पण "शुगर मुळासकट" म्हणून पाकिटं विकणाऱ्यांवर माझा राग आहे, कारण त्यांच्या भरवशावर लोक सुरू असलेली गोळी बंद करतात. गुळाचंही तसंच. गूळ आपला, घरचा, पण रक्ताला तो साखरच.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी केली, जी प्रत्येक बाईच्या बाबतीत व्हायला हवी: एचबीए१सीसोबत हिमोग्लोबिन पाहिलं. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. आमच्याकडं रक्त कमी नसलेली बाई शोधावी लागते. माझं ९.८ होतं. लोहाच्या गोळ्या घेऊन ते भरल्यावर पुन्हा तपासलं तेव्हा एचबीए१सी ५.९ आलं. त्यात आहाराचा भाग किती आणि लोहाचा किती, ते वेगळं काढता येत नाही. पुढे कधी मेटफॉर्मिन लागलं तर मी ते घेईन. त्यात हरल्यासारखं काही मानणार नाही.

या सगळ्यात माझा जीव सध्या सुनेत अडकलाय. तिला चौथा महिना आहे. आईची उपासमार जशी बाळाच्या अंगात उतरते तशी आईची वाढलेली साखरही उतरते, दोन्हीनं पुढे त्या बाळाला मधुमेहाचा धोका वाढतो. सरकारच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईची पहिल्या भेटीतच तपासणी व्हायला हवी: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात, जेवलेली असो वा नसो, आणि दोन तासांनी रक्त. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गर्भारपणातला मधुमेह. पहिल्यांदा ठीक आलं तरी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा. तिचं पहिलं ११८ आलं. दुसऱ्यांदा तपासायच्या आधीच ती सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी, सेलूला, जायचं म्हणते आहे. म्हणून विहीणबाईंना फोन केला. रोज अंडं किंवा उसळ, लोहाची गोळी चुकवायची नाही, "दोन जिवांचं खा" म्हणून शिरा-भात वाढायचा नाही, आणि ती तपासणी तिथं नक्की करून घ्यायची, हे सगळं बोलून झालं. त्यांचं जन्मसाल विचारलं तर त्याही बहात्तर-त्र्याहत्तर सालच्याच निघाल्या. आईनं कुठं काम केलं होतं, विचारलं. "दुधना काठच्या रस्त्यावर, खडी फोडायला," त्या म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, मग तुम्हीही एकदा रक्त द्या.

"उपाशीपोटी जायचं का खाऊन?"

"उपाशीपोटी. आणि जेवून दोन तासांनी परत एकदा. हिमोग्लोबिनही सांगा त्यांना करायला."